गैरहजर बॉस, शेजारचे ऑस्लर आणि बर्नमधला प्रश्न : हार्वी कुशिंगचं प्रकरण

1893 साल. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन बघायला बसलेल्या एका विद्यार्थ्याला बाकावरून खाली बोलावलं जातं आणि बाजूच्या छोट्या खोलीत धाडलं जातं. खोलीत एक रुग्ण, एक वॉर्डबॉय आणि ईथर. भूल दे, एवढाच हुकूम. कशी द्यायची ते वॉर्डबॉय सांगेल. रुग्णाचा हर्निया अडकलेला, रात्रभर उलट्या झालेल्या. भूल चढता चढता पोटातलं सगळं एकदम घशात आलं, त्यातलं बरंचसं फुप्फुसात गेलं आणि रुग्ण दगावला.

विद्यार्थी बाजूला उभा. आपण माणूस मारला, हे डोक्यात घेऊन. त्याला सांगण्यात आलं की तुझा यात काही संबंध नाही, असं नेहमीच होतं, विसरून जा आणि अभ्यासाला लाग. तो दुपारभर रस्त्यांवर भटकला आणि संध्याकाळी सर्जनच्या घरी जाऊन विचारून आला की मेडिकल सोडण्याआधी त्या माणसाच्या घरच्यांसाठी काही करता येईल का.

त्याने मेडिकल सोडलं नाही. हार्वी कुशिंग हे त्याचं नाव. मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्र म्हणून उभं करणारा माणूस, पुढे हार्वर्डमध्ये सर्जरीचा प्राध्यापक. वरचा प्रसंग त्याने स्वतः अनेक वर्षांनी एका पत्रात लिहून ठेवला आहे.

कुशिंगची गोष्ट बहुतेक वेळा एका अलौकिक माणसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. टीचिंग हॉस्पिटलात वावरणाऱ्यांनी ती जरा वेगळी वाचावी, असं मला वाटतं. त्याला कोण कोण शिकवणारे भेटले, कोणाकडून नेमकं काय मिळालं, आणि स्वतः बॉस झाल्यावर त्याने त्यातलं काय पुढे दिलं, काय अडवून ठेवलं? या अंगाने पाहिलं की हे प्रकरण बरंच गुंतागुंतीचं होतं.

कागद

पहिला शिकवणारा वयाने बरोबरीचा होता. अर्नेस्ट कॉडमन, हार्वर्डमधला त्याचा दोस्त. दोघांनाही विद्यार्थीदशेत भूल द्यावी लागे आणि दोघांनाही ती नीट येत नव्हती. त्यांनी पैज लावली : ज्याची भूल चांगली, त्याला दुसऱ्याने जेवण द्यायचं. पण चांगली कशावरून ठरवायची? त्यासाठी 1894–95 मध्ये त्यांनी तक्ता आखला. एका कागदावर पाच-पाच मिनिटांच्या रेघा, त्यावर नाडीचा ठिपका, श्वासाचा ठिपका, ठिपके जोडणारी रेषा. भूलतज्ज्ञ आज जो चार्ट भरतात, त्याचा हा पूर्वज.

या कागदाची गंमत अशी की तो भरायचा तर दर पाच मिनिटांनी नाडीवर बोट ठेवावंच लागतं. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून पोरांनी शिकवणारा कागद तयार केला. कॉडमनने हा हिशेबीपणा पुढे टोकाला नेला. प्रत्येक रुग्णाचा वर्षभर मागोवा घ्या, ऑपरेशन यशस्वी झालं का ते पाहा, नसेल तर का नाही ते जाहीर लिहा, असा त्याचा आग्रह होता. बॉस्टनच्या सर्जन मंडळींना तो झेपला नाही आणि कॉडमन एकटा पडला. कुशिंगने तोच हिशेब आयुष्यभर ठेवला, मात्र स्वतःच्या विभागापुरता. व्यवहारात कुशिंग जास्त चतुर होता, हे मान्य करावं लागतं.

हॉल्स्टेड

1896 मध्ये कुशिंग बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेडच्या हाताखाली आला. बॉस्टनमध्ये सर्जनची किंमत घड्याळावर ठरायची. ईथरच्या आधीच्या काळातली सवय, रुग्ण शुद्धीवर असताना पाय कापावा लागे तेव्हाची. ईथर येऊन पन्नास वर्षं झाली तरी ती गेली नव्हती. हॉल्स्टेडचं सगळं उलट. रक्तवाहिनी एकेक पकडायची, टिश्यू चिमटीत चिरडायचा नाही, बारीक रेशमाने बांधायचं, जखमेत पोकळी ठेवायची नाही. वेळ लागतो तेवढा लागू दे. बॉस्टनच्या पोराने सुरुवातीला नाक मुरडलं. वॉर्डात जखमा कशा भरून येतात हे पाहिल्यावर त्याचं मत बदलत गेलं. 1897 मध्ये त्याला स्वतःलाच अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा त्याने पोट उघडायला दिलं ते हॉल्स्टेडच्याच हाती.

पण हॉल्स्टेड बऱ्याचदा जागेवर नसे. उन्हाळ्यात तर नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या इस्टेटीवर तो दीर्घकाळ मुक्काम ठोकायचा. यामागे जी गोष्ट होती ती हॉपकिन्समध्ये फार थोड्यांना ठाऊक होती. कोकेनने शरीराचा एखादा भाग बधिर करता येतो हे 1884 मध्ये जगाला कळलं आणि न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते स्वतःच्या नसांवर टोचून पाहायला सुरुवात केली. नस बधिर करून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत त्यातून निघाली, आणि हॉल्स्टेड व्यसनात अडकला. कोकेन सोडवताना मॉर्फिन मागे लागलं. हॉपकिन्समध्ये असतानाही ते चालूच होतं, हे तिथल्याच त्याच्या सहकाऱ्याने, विल्यम ऑस्लरने, एका वहीत लिहून सीलबंद ठेवलं होतं; ती वही 1969 मध्ये उघडली.

तर बॉस गैरहजर. मग ऑपरेशनं कोण करणार? रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलात राहून शिकणारा तरुण डॉक्टर. हॉल्स्टेडने जर्मन क्लिनिकांच्या धर्तीवर जी रेसिडेन्सी उभी केली होती, तिच्यात माणूस वर्षानुवर्षं राहायचा, पायरीपायरीने वर चढायचा आणि शेवटी हाऊस सर्जन म्हणून जवळजवळ सगळा विभाग चालवायचा. कुशिंगने याच काळात चेहऱ्याच्या असह्य कळांवर, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर, कवटीच्या तळाशी असलेली नसेची गाठ काढायची स्वतःची वाट शोधली आणि 1900 मध्ये ती प्रसिद्ध केली. मेंदूच्या दारापर्यंत तो असा पोचला : दुसऱ्या कोणाला तिकडे जायचं नव्हतं आणि अडवायला कोणी हजर नव्हतं.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. बॉस नसला की पोरं आपोआप शिकतात, असं म्हणणारे सीनियर प्रत्येक हॉस्पिटलात सापडतात, आणि त्यांना हॉल्स्टेडचं उदाहरण फार आवडतं. 1893 च्या त्या छोट्या खोलीतही बॉस नव्हताच. फरक काय? बॉस्टनच्या खोलीत माणूसही नव्हता आणि रीतही नव्हती. बाल्टिमोरमध्ये माणूस नव्हता, पण त्याची रीत भिंतीत मुरलेली होती : ग्लोव्ह्ज, रेशीम, नोंदी, वरचा रेसिडेंट, त्याच्या वरचा रेसिडेंट. कुशिंग एकटा होता तो या सगळ्याच्या मधोमध. पहिल्या प्रकारच्या एकटेपणात रुग्ण दगावला, दुसऱ्यात एक ऑपरेशन जन्माला आलं.

चौदा महिने

1900 च्या उन्हाळ्यात तो युरोपला गेला आणि चौदा महिने फिरला. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली होता, मेंदूच्या शस्त्रक्रियेत तेव्हाचं सर्वांत मोठं नाव. त्याच्याबरोबर बग्गीतून एका रुग्णाच्या घरी जाऊन कुशिंगने ऑपरेशन पाहिलं. सगळं भराभर. हॉल्स्टेडच्या तालमीतल्या माणसाला ते बघवेना, आणि इथे आपल्याला हवं ते मिळणार नाही असं ठरवून तो पुढे सरकला. गुरू म्हणून हॉर्स्ली त्याच्या हिशेबात बाद झाला. अन्याय होता थोडा, कारण मेंदूबद्दल हॉर्स्लीला जे ठाऊक होतं ते तेव्हा फार कमी सर्जनना ठाऊक होतं.

बर्नमध्ये थिओडोर कोखर होता. थायरॉइडचा सर्जन, पुढे 1909 मध्ये नोबेल मिळवणारा, आणि हातकामात हॉल्स्टेडइतकाच सावकाश. कोखरने या अमेरिकन पाहुण्याला एक प्रश्न दिला : कवटीच्या आतला दाब वाढला तर रक्ताभिसरणाचं काय होतं? जा क्रोनेकरच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि शोधून काढ.

या प्रयोगाकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. भूल दिलेल्या कुत्र्याच्या कवटीला छिद्र पाडून त्यात काच घट्ट बसवलेली. त्या खिडकीतून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. मीठपाण्याचा दाब देऊन कवटीच्या आतला दाब हळूहळू वाढवायचा. दाब रक्तदाबाच्या बरोबरीला आला की काचेखालचा मेंदू पांढरा पडतो, वाहिन्या रिकाम्या होतात. आणि थोड्याच वेळात शरीराचा रक्तदाब उसळून त्या दाबाच्या वर जातो, वाहिन्या पुन्हा लाल होतात. दाब आणखी वाढवा, रक्तदाब आणखी वर. ही शर्यत बरीच वरपर्यंत चालते, मग केव्हातरी शरीर हरतं. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा रक्तदाब वाढतोय, नाडी मंदावतेय, श्वास बिघडतोय, या तीन खुणा आज प्रत्येक रेसिडेंटला पाठ असतात आणि त्या कुशिंगच्या नावाने ओळखल्या जातात.

नावाबद्दल एक कुरकुर नोंदवून ठेवतो. दाब आणि रक्तदाब यांचं नातं जर्मनीत नाउनिन आणि श्रायबर यांनी 1881 मध्येच दाखवलं होतं. कुशिंगच्या पहिल्या निबंधात त्यांचा उल्लेख नव्हता. ही बाब लक्षात असू द्या, पुढे लागेल.

प्रश्न देणं ही कोखरची देणगी. उत्तर त्याने दिलं नाही, पद्धतसुद्धा फारशी शिकवली नाही. एखाद्या चांगल्या प्रश्नापुढे विद्यार्थ्याला बसवायचं आणि प्रयोगशाळेची किल्ली द्यायची, एवढं करणारे सर्जन आजही थोडेच.

बाकीचा दौरा थोडक्यात. 1901 मध्ये इटलीत पाव्हियाला रिव्हा-रोचीने तयार केलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र, हातावर गुंडाळायची फुगवता येणारी पट्टी आणि पाऱ्याची नळी, तिथल्या वॉर्डात रोजच्या वापरात दिसलं. कुशिंगने ते बरोबर आणलं आणि आपल्या जुन्या कागदावर तिसरी रेषा आली. हार्वर्डच्या सर्जरी विभागाने या यंत्राचा विचार केला आणि निष्कर्ष काढला की अनुभवी बोट जास्त भरवशाचं. मग लिव्हरपूलमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टनबरोबर काही आठवडे, वानरांच्या मेंदूचा कुठला भाग कुठला स्नायू हलवतो याच्या प्रयोगांत मदत. मेंदू उघडायचा कसा हे हात शिकले होते. आत काय आहे ते इथे कळायला लागलं.

शेजारी

विल्यम ऑस्लर सर्जन नव्हता. हॉपकिन्समध्ये मेडिसिनचा प्राध्यापक. बाल्टिमोरमध्ये वेस्ट फ्रँकलिन स्ट्रीटवर त्याचं घर आणि कुशिंगचं घर शेजारी शेजारी होती. ऑस्लर आपल्या आवडत्या तरुण डॉक्टरांना घराची किल्ली देऊन ठेवायचा : केव्हाही या, पुस्तकं चाळा. कुशिंगला जुन्या वैद्यकीय ग्रंथांचं वेड इथे लागलं. हॉल्स्टेडकडून हात, कोखरकडून प्रश्न, असं म्हटलं तर ऑस्लरकडून काय, याचं उत्तर एका शब्दात येत नाही. त्याच्या घरी जेवायला बसल्यावर वैद्यक ही जुनी, रसाळ, माणसांनी भरलेली गोष्ट वाटायला लागे, एवढं खरं.

ऑस्लरने आणखी एक काम केलं, जे हॉल्स्टेडने कधी केलं नसतं. त्याने कुशिंगला पत्रातून स्पष्ट लिहिलं की तुझं हाताखालच्या लोकांशी आणि सहकाऱ्यांशी पटत नाही अशी बोलवा आहे. शब्द मऊ होते, मजकूर नव्हता. रेसिडेंटला लोकांसमोर फाडून खाणं, नर्सला रडवणं, चूक झाली की ती दिवसभर उगाळणं, या गोष्टी कुशिंगबद्दल नंतरही वर्षानुवर्षं सांगितल्या जात राहिल्या. म्हणजे सल्ला मिळाला, पटलाही असेल, पण अंगी लागला नाही. मेंटॉरच्या गुणगानात हा भाग सहसा गाळला जातो : शिकवणारा उत्तम, शिकणारा हुशार, तरी काही गोष्टी उतरतच नाहीत.

या नात्याचा शेवट वेगळाच झाला. ऑगस्ट 1917 मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर ऑस्लरचा एकुलता एक मुलगा रिव्हीअर तोफगोळ्याने जखमी झाला. कुशिंग जवळच्याच तळावर होता. निरोप आला तसा रात्रीच पोचला. पोट आणि छाती दोन्हीकडे जखमा होत्या. ऑपरेशन झालं, पहाटे मुलगा गेला. वडिलांना कळवणाऱ्यांत कुशिंग होता. ऑस्लर 1919 च्या डिसेंबरमध्ये वारला आणि त्याचं चरित्र लिहायचं काम लेडी ऑस्लरने कुशिंगवर सोपवलं. मेंदूची ऑपरेशनं चालू असताना, रात्री बसून त्याने दोन खंड लिहिले. 1926 मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं.

बॉस झाल्यावर

युरोपहून परतल्यावर हॉपकिन्समध्ये त्याने शिकवण्याचं जे काम केलं ते मला त्याच्या ऑपरेशनांइतकंच मोठं वाटतं. 1905 मध्ये हंटेरियन प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे विद्यार्थी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करत. एक सर्जन, एक असिस्टंट, एक भूल देणारा, अशी वाटणी. निर्जंतुकीकरण माणसाच्या ऑपरेशनइतकंच कडक. चार्ट भरायचा, ऑपरेशननंतरची देखभाल करायची, आणि प्राणी दगावला तर शवविच्छेदन करून कारण लिहायचं. 1893 च्या त्या छोट्या खोलीला दिलेलं हे उत्तर होतं. भूल देणारा विद्यार्थी आता एकटा नव्हता आणि त्याच्या पुढ्यात कागद होता.

1912 मध्ये तो बॉस्टनला पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलचा सर्जन-इन-चीफ आणि हार्वर्डचा प्राध्यापक म्हणून गेला. तोपर्यंत कवटीतलं रक्त थांबवण्यासाठी चांदीच्या तारेच्या बारीक क्लिपा त्याने आणल्या होत्या (1911), आणि 1926 मध्ये विजेने कापणारं आणि रक्त थांबवणारं बोव्हीचं यंत्र आल्यावर आधी अर्धवट सोडलेल्या गाठी त्याने पुन्हा उघडल्या. ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतरचा मृत्युदर त्याच्या विभागात दहा टक्क्यांच्या खाली उतरला. एप्रिल 1931 मध्ये पॅथॉलॉजीने पक्क्या केलेल्या ट्यूमरची संख्या दोन हजारांवर गेली.

या आकड्यांची वही ज्या हाती होती ती लुईस आयझनहार्ट 1915 मध्ये त्याच्याकडे संपादनाच्या कामाला आली. पुढे ती स्वतः मेडिकल शिकली, न्यूरोपॅथॉलॉजिस्ट (मेंदूतल्या गाठी तपासून ओळखणारी तज्ज्ञ) झाली, आणि 1938 मध्ये मेनिन्जिओमावरच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठींवरच्या, मोठ्या ग्रंथाची सहलेखिका झाली. कुशिंगच्या हाताखालून निघालेल्यांत नाव घेतलं जातं ते पर्सिव्हल बेली, एडिंबराचा नॉर्मन डॉट, ऑक्सफर्डचा ह्यू केर्न्स यांचं. आयझनहार्टने वाढवलेली वही नसती तर कुशिंगचे आकडे कोणी मानले असते का, शंका आहे.

आणि मग वॉल्टर डँडी.

डँडी 1910–11 मध्ये हंटेरियनमध्ये कुशिंगच्या हाताखाली होता. हुशार, हट्टी, वरिष्ठापुढे मान न झुकवणारा. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचा कुशिंगच. कुशिंग बॉस्टनला निघाला तेव्हा डँडीला बरोबर जायची आशा होती. कुशिंगने त्याला नेलं नाही. हॉल्स्टेडने त्याला ठेवून घेतलं. पुन्हा तोच दूरस्थ बॉस, तीच मोकळीक, आणि 1918 मध्ये डँडीने मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायची पद्धत दाखवली. बाहेरून न सापडणारी गाठ आता फोटोत दिसायला लागली. कुशिंग वर्षानुवर्षं रुग्णाच्या खुणा वाचून गाठीची जागा ओळखण्यात पटाईत झाला होता. त्याला या हवेचं कौतुक वाटेना.

कानाच्या नसेवरच्या ट्यूमरबाबत कुशिंगची पद्धत होती आतला गर काढून साल ठेवायची. पूर्ण काढायला गेलं की रुग्ण जातो, हा अनुभव. 1922 मध्ये डँडीने पूर्ण काढता येतं असं छापलं, आणि त्यात कुशिंगच्या कामाची दखल नव्हती. कुशिंग संतापला, खरमरीत पत्र गेलं, तसंच उत्तर आलं. नाउनिन आणि श्रायबर यांचा राहून गेलेला उल्लेख इथे आठवतो. काळाने ट्यूमर पूर्ण काढायच्या बाजूने कौल दिला, पण 1922 च्या साधनांत कुशिंगची सावधगिरी चुकीची होती असं म्हणायला मी धजणार नाही.

मला यातली खरी अडचण पद्धतीची वाटत नाही. कुशिंगचा विभाग इतका त्याचा होता की त्यात दुसऱ्या कोणाला स्वतःची चूक करायला जागा उरली नव्हती. महत्त्वाचे निर्णय त्याचे, कठीण टप्पे त्याच्या हाताचे, नोंदी त्याच्या पद्धतीच्या. केर्न्ससारखे लोक वर्षभर येऊन, जवळून पाहून, मायदेशी जाऊन मोठे झाले. दूर गेल्यावर झाले. हॉल्स्टेडच्या गैरहजेरीत वाढलेला माणूस स्वतः कधी गैरहजर राहिला नाही. जून 1926 मध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेल्याची बातमी सकाळी आली, त्या दिवशीसुद्धा ठरलेलं ऑपरेशन त्याने केलं.

एक नियम मात्र त्याने स्वतःवरच लावून घेतला होता. ब्रिगहॅम सुरू होताना तो आणि मेडिसिनचा प्रमुख हेन्री ख्रिश्चन यांनी ठरवलं होतं की त्रेसष्टाव्या वर्षी खुर्ची सोडायची. 1932 मध्ये, हात अजून चालत असताना, त्याने ती सोडली आणि नंतर येल विद्यापीठात गेला. 1932 मध्येच त्याच्या नावाने तरुण न्यूरोसर्जनांची संस्था निघाली, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या लहानशा गाठींमुळे होणाऱ्या ज्या विकाराला आज कुशिंगचा आजार म्हणतात, त्यावरचा निबंधही आला.

मेंदूचे नमुने, ऑपरेशनच्या नोंदी, रुग्णांची हजारो छायाचित्रं येलला त्याच्यामागोमाग गेली. तो 1939 मध्ये वारला. आयझनहार्टने संग्रह सांभाळला. तिच्यानंतर काचेच्या बरण्या मेडिकल विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाखालच्या तळघरात धूळ खात पडल्या. 2010 मध्ये येलच्या वैद्यकीय ग्रंथालयात त्यांच्यासाठी नीट दालन झालं. मधल्या काळात विद्यार्थी रात्री टॉर्च घेऊन गुपचूप त्या तळघरात उतरायचे, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायचे, आणि तिथल्या एका फळ्यावर आपलं नाव लिहून वर यायचे.